मराठी माध्यमातून एमबीबीएसकडे जाताना

दहावीपर्यंत मी तंतुकणिका, चेतापेशी आणि हरितलवक शिकले होते. अकरावीच्या वर्गात तेच सारे मायटोकॉन्ड्रिया, न्यूरॉन आणि क्लोरोप्लास्ट म्हणून समोर आले, तेव्हा आपल्याला जीवशास्त्र येतच नाही, असे मला वाटू लागले. वास्तविक विषय येत होता, फक्त नावे अडत होती. हे कळायला मला सहा महिने लागले, आणि मग मी दोन्ही नावांची एक वही केली. म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना माझे पहिले सांगणे असे की, दहावीच्या सुट्टीतच दोन रकान्यांची एक वही करावी, डावीकडे मराठी संज्ञा आणि उजवीकडे इंग्रजी.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो. शिवाय पुढची बहुतेक पुस्तके इंग्रजीतच आहेत. त्यामुळे मी इंग्रजीतून परीक्षा दिली आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. एकूण ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, आणि त्यांचा पाया एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके हाच आहे. मी ती ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट वाचली. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, असा हिशेब असल्याने, येत नसलेला प्रश्न सोडून देण्याची सवय सराव परीक्षांतच लावून घ्यावी लागते.

अभ्यासाइतकाच जीव कागदपत्रांनी खाल्ला. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि वडिलांच्या दाखल्यावर आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले होते. त्या एका वेलांटीपायी जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज परत आला, आणि बारावीच्या ऐन अभ्यासात वडिलांना कामाचे खाडे करून हेलपाटे घालावे लागले. सरकारी महाविद्यालयांतील राज्याच्या कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाचा दाखला लागतो, आणि जातीच्या आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातवैधता, तर ओबीसीसारख्या प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेयरही. अकरावीतच सर्व दाखले समोर ठेवून नावे अक्षर न अक्षर ताडून पाहावीत. परिचर्येकडे जायचे असेल, तर बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा वेगळी असते; नीटच्या गडबडीत तिच्या अर्जाची मुदत चुकवू नये.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मुख्य विषय असतात. विच्छेदनगृहात फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, पहिले काही दिवस जेवण जात नाही, आणि मग नकळत सवय होते. त्या टेबलावर कोणीतरी मरणोत्तर दिलेला देह आहे, याची जाणीव मात्र सवयीने बोथट होऊ देऊ नये.

मराठीचे खरे मोल मला वॉर्डात कळले. रुग्ण पुस्तकी लक्षणे सांगत नाहीत. ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत कोणाला आसपासचे गरगरताना दिसत असते, कोणाचा तोल जात असतो, तर कोणाच्या घरचे फिट आल्यालाच चक्कर म्हणत असतात. आणि या तिन्हींची कारणे व तपासण्या निरनिराळ्या आहेत. बाईने संकोचून ‘अंगावरून जातं’ एवढेच सांगितले, तर पांढरे की लाल, हे हळू आवाजात आपणच विचारायचे असते.

एक आजी चक्कर येते म्हणून दाखल झाल्या होत्या. “आजी, गरगरतं की डोळ्यांपुढं अंधारी येते?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “अंधारी येती बाई. पहाटं उठून उभं राहिलं की भिंत धरावी लागती.” मी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजला, उभे राहिल्यावर तो बराच उतरत होता. पिशवीतली औषधे पाहिली, तेव्हा रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी दोन दवाखान्यांतून आलेली निघाली, आणि आजी दोन्ही नेमाने घेत होत्या. सरांनी त्यातली एक बंद केली.

त्या रात्री मी अकरावीतली ती जुनी वही पुन्हा काढली. आता डाव्या रकान्यात घेरी, अंधारी, धाप, कसकस, गोळे येणे असे रुग्णांचे शब्द भरत गेले, आणि इंटर्नशिप संपेपर्यंत ती वही एप्रनच्या खिशात राहिली.