सुधारलेला व्हिडिओ लोकांना दाखवून कसा पारखावा

जुन्या व्हीएचएस टेपा साफ करून देणं हे माझं रोजचं काम. चित्र खरंच सुधारलंय का, हे मी एकटी ठरवत नाही. तासन्‌तास तेच बघून डोळे सरावतात, म्हणून लोकांना दाखवते.

सुधारलेलं कुठलं हे सांगू नका. सांगितलं की माणूस त्यालाच चांगलं म्हणतो. मूळ आणि सुधारलेला, दोन्हींचे तेच १० सेकंद एकामागोमाग लावा, मध्ये राखाडी पडदा. पुढच्या माणसाला क्रम उलटा. एखादी जोडी मूळ-मूळ अशीच ठेवा. तिथेही कुणी ठामपणे फरक सांगितला, तर त्याची बाकीची उत्तरं जपून घ्या.

त्याआधी दोन्हींचा उजेड आणि रंग सारखे करा. ही पायरी हमखास गाळली जाते. जरा उजळ, जरा भडक चित्र लोकांना जास्त स्पष्ट वाटतं आणि नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, काढण्याची मेहनत मोजलीच जात नाही. टीव्हीचा रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड बंद. एचडी असेल तर पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसवा, ४के असेल तर दीडपट. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या, चित्राचा दर्जा पारखण्याबद्दलच्या बीटी.५०० शिफारशीत किमान १५ प्रेक्षक सांगितलेत. घरच्या कामाला मला पाच-सहा पुरतात, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही.

स्थिर फ्रेमवर निकाल कधीच देऊ नका. एका टेपेत आजींच्या हनुवटीवर तीळ होता. थांबवलेल्या फ्रेमवर काम सुरेख दिसत होतं. चालू केलं आणि त्यांची मुलगी म्हणाली, "आईचा तीळ लुकलुकतोय." सॉफ्टवेअर काही फ्रेममध्ये तिळाला नॉइज समजून पुसत होतं. ते मला दिसलंच नव्हतं. त्या चेहऱ्याचा नॉइज रिडक्शन मी निम्म्यावर आणला. दाणे राहिले, तीळही राहिला.

आकड्यांवरही सगळा भार टाकू नका. व्हिडिओच्या दर्जाला गुण देणाऱ्या नेटफ्लिक्सच्या व्हीमॅफ या सॉफ्टवेअरचा स्कोअर नुसता शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट चढवूनही वाढतो, म्हणून त्यांनी हा फायदा न मोजणारी एनईजी आवृत्ती काढली.

गुण विचारण्याआधी "नजर कुठे अडली?" असं विचारा. "कडेला पांढरी रेघ" म्हणाले तर शार्पनिंग जास्त झालंय. "चेहरा मेणाचा" म्हणाले तर नॉइज रिडक्शन. "भिंत वळवळतेय" म्हणाले, तर दर फ्रेमला वेगळा तपशील तयार होतोय; तिथे अपस्केलिंगचा, म्हणजे चित्र मोठं करण्याचा, जोर कमी करा आणि तेच १० सेकंद नव्या माणसाला दाखवा.