नवा डिशवॉशर बसवण्याआधी सिंकखाली वाकून बघा

आमच्या नात्यात कुणाकडे डिशवॉशर बदलायचा निघाला की मला फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: जागेची रुंदी किती लागेल? रुंदी मोजाच, पण खरा घोळ होतो तो शेजारच्या कपाटात, सिंकच्या खाली. म्हणून मी आधी ते कपाट रिकामं करायला लावते, आत टॉर्च ठेवते आणि मोबाइलवर चार-पाच फोटो काढते. नळ्या एकदा सुटल्या की कोणती कुठे होती हे कुणालाच आठवत नाही.

डिशवॉशरच्या कामाच्या गोष्टी तीनच: पाणी आणणारी नळी, घाण पाणी नेणारी नळी आणि विजेची वायर. मशिनच्या बाजूने एकेक नळी हातात धरायची आणि ती कुठे जाते त्याचा माग काढायचा. बाकी जे लोंबत असतं, उदाहरणार्थ फिल्टरची बारीक नळी, त्याला हात लावायचा नाही.

विजेचं सोपं आहे. आधी एमसीबी, म्हणजे त्या लाइनची वीज तोडणारा खटका, पाडा, मग प्लग काढा. प्लग पॉइंट मशिनच्या मागे असेल तर तो शेजारच्या कपाटात घ्यायची हीच वेळ, पण ते काम इलेक्ट्रिशियनचं.

आता पाणी. नळी ज्या अँगल कॉकला, म्हणजे पाणी चालू-बंद करायच्या छोट्या नळाला, जोडलेली असते, तो वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसतो. तेव्हा नवं मशिन दारात येण्याआधीच तो बंद करून बघा. त्याहीआधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत करून घ्या, कारण जुना कॉक फिरवताना कधी कधी हातात येतो. कॉक बंद करूनही सोडलेल्या नळीतून थेंब थांबत नसतील तर तो आतून गेलाय, बदला. दांड्यापाशी पाझरत असेल तर तिथला नट किंचित आवळून बहुतेक वेळा भागतं.

नव्या नळीच्या टोकाला बहुधा पाऊण इंची आटे असतात. कॉकचं तोंड अर्ध्या इंचाचं निघालं तर मध्ये अडॅप्टर लागेल. टेफ्लॉन टेप लावायची ती अडॅप्टर आणि कॉक यांच्या आट्यांमध्ये. नळीच्या नटात रबरी वॉशर असतो, पाणी तोच अडवतो, तिथे टेप नको. हाताने घट्ट करा, पान्याने फार तर पाव फेरा द्या. जोर लावणाऱ्यांचे प्लास्टिकचे आटे मरतात. जुनी नळी दिसायला कितीही चांगली असली तरी मी परत वापरत नाही. आणि नळीच्या टोकाला जाडजूड ठोकळा असेल तर तो गळती झाल्यावर पाणी तोडणारा व्हॉल्व्ह असतो. कित्येकदा त्याची वायर नळीच्या आतूनच जाते. अशी नळी लांबी कमी करायला म्हणून कापायची नाही. त्या ठोकळ्याला कॉकपाशी जागा आहे का, तेवढं मात्र आधीच मोजा.

माझा बहुतेक वेळ जातो तो घाण पाण्याच्या नळीपाशी. सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या वळलेल्या पाइपात, थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास तेच अडवतं. डिशवॉशरची नळी या साठलेल्या पाण्याच्या अलीकडे, म्हणजे सिंकच्या बाजूला जोडायची. पलीकडे जोडली की वास नळीतून थेट मशिनमध्ये. त्यासाठी ट्रॅपला बाजूला एक निपल, म्हणजे नळी चढवायचं छोटं तोंड, असतो. माझ्या मावसबहिणीकडे नवं मशिन बसवून गेले, तर पहिल्याच धुण्यानंतर तळाशी पाणी तसंच. ती मशिनला दोष देत होती. क्लिप सैल करून नळी ओढली, निपलमध्ये टॉर्च मारला, तर आत प्लास्टिकचा पातळ पडदा जसाच्या तसा. नव्या ट्रॅपचं ते तोंड असंच बंद करून पाठवतात. नळी चढवण्याआधी ते कापून मोकळं करायचं असतं आणि तुकडा बाहेर काढायचा असतो. सिंकला खरकटं दळणारं यंत्र असेल तर त्याच्या बाजूच्या तोंडातही असंच बूच असतं.

दुसरी गोष्ट उंचीची. नळी मशिनमधून निघाली की आधी ओट्याच्या खालच्या अंगाला जितकी वर नेता येईल तितकी न्यायची, तिथे क्लिपने पक्की करायची आणि मग ट्रॅपकडे खाली आणायची. सिंक तुंबलं तर त्याचं घाण पाणी स्वच्छ भांड्यांत उलटं येऊ नये आणि मशिनमधलं पाणी आपोआप ओढलं जाऊ नये, म्हणून ही कमान. काही ठिकाणच्या नियमांत एवढ्यावर भागत नाही, वेगळा एअर गॅप, म्हणजे घाण पाणी उलटं येऊ नये म्हणून वाटेत हवेची मोकळी जागा ठेवणारा भाग, लागतो. ते आधी विचारून घ्या.

जुनं मशिन ओढताना नळीचं तोंड बादलीत धरा. तळाशी पाणी उरलेलं असतंच, आणि त्याला वासही असतो. नवं आत सरकवताना एकाने कपाटातून नळ्या पुढे ओढत राहायचं, नाहीतर त्या मागे चेपतात आणि पाणी भरलं नाही म्हणून मशिन अडून बसतं.

मग कॉक हळूहळू उघडा आणि रिकामंच छोटं धुणं लावा. मशिन पाणी फेकायला लागलं की काठोकाठ भरून ठेवलेल्या सिंकचंही बूच काढा, म्हणजे ट्रॅपवर दोन्हीकडचा भार एकदम येतो. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवा; डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदाला कळतो. दुसऱ्या दिवशी परत फिरवा. कागद ओला झालाच तर सगळ्यात वरचा ओला जोड शोधा. पाणी नळीवरून ओघळत खालच्या नटाशी थेंब धरतं, आणि लोक तो खालचा निर्दोष नट आवळत बसतात.