प्लॉटिंग लायब्ररीचा पुढचा रिलीज ठरवताना आधी कुणाची चित्रं बदलणार ते बघा

प्लॉटिंग, म्हणजे आलेख काढणारं, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय, मग ती तुमची स्वतःची छोटी लायब्ररी असू दे नाहीतर पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबसारख्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नुकतेच इश्शू, म्हणजे लोकांनी कळवलेले बग आणि मागण्या, चाळायला लागला असाल. आम्ही तिघं मिळून एक लहान लायब्ररी चालवतो, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, आणि प्रत्येक रिलीजच्या आधी तोच प्रश्न समोर येतो की इश्शूंचा ढीग पडलाय, वेळ जेमतेम आहे, तर घ्यायचं काय आणि ठेवायचं काय.

आमची पद्धत साधी आहे. प्रत्येक इश्शूला पहिला प्रश्न हाच विचारायचा की हे केलं तर कुणीतरी आधीच काढलेला आलेख उद्या वेगळा दिसेल का. बाकी सगळं, म्हणजे किती अवघड, किती जणांनी मागितलं, कोण करणार, ते नंतर.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा एका बगफिक्स रिलीजमध्येच (फक्त चुका दुरुस्त करणारा छोटा रिलीज) लेजंडची, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या चौकटीची, डिफॉल्ट जागा हलवली, नवी जागा खरंच बरी दिसत होती, तिघांनाही आवडली, लगेच मर्ज केलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलं. आठवड्याभरात पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा मेल आला, तिच्या थीसिसमधले अर्धे आलेख जुन्या व्हर्जनने काढलेले आणि अर्धे नव्या, लेजंड एकात वर उजवीकडे तर दुसऱ्यात खाली डावीकडे, आणि तिच्या गाइडने विचारलं की हा डेटा दोन ठिकाणांहून घेतलाय का. सबमिशन तोंडावर असताना तिला सगळे आलेख पुन्हा काढावे लागले. त्या मेलचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून चित्र बदलणारी कुठलीही गोष्ट बगफिक्स रिलीजमध्ये जात नाही.

सगळ्यात वर ठेवायचे ते गुपचूप चुकीचं चित्र काढणारे बग. नवीन लोक इथे गडबड करतात, क्रॅश दिसला की तो वर टाकतात. क्रॅश वाईटच, पण क्रॅश झाला की माणूस थांबतो, त्याला कळतं काहीतरी बिघडलंय. एरर बार चुकीच्या लांबीचा आला, लॉग अक्षावर शून्य असलेले बिंदू न सांगता गळाले, तारीख एका दिवसाने सरकली, तर आलेख मस्त गुळगुळीत दिसतो आणि माणूस तो पेपरात छापून मोकळा होतो. म्हणून असे बग आधी, मग क्रॅश, मग बाकीचं. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘रिलीज क्रिटिकल’ असं लेबलच आहे, ते लागलेलं काम अडकलं तर रिलीजही थांबतो. तुमच्याकडे तीनच माणसं असली तरी असं एक लेबल ठेवा आणि ते जपून वापरा, सगळ्यालाच लावलं तर त्याला काही अर्थ उरत नाही.

इश्शू प्लॅनमध्ये घेण्याआधी त्यातून चार गोष्टी काढून घ्या: व्हर्जन, बॅकएंड (कोडचा प्रत्यक्ष चित्र काढणारा भाग), आलेख कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केला, आणि पाच-सहा ओळींचा असा कोड जो कुणाच्याही मशीनवर तोच घोळ दाखवेल. फॉरमॅट विचारायला लोक विसरतात, आणि प्लॉटिंगमध्ये अर्धी मेख तिथेच असते, स्क्रीनवर नीट दिसणारी गोष्ट पीडीएफमध्ये बिघडते कारण दोन्हीकडे चित्र काढणारा कोड वेगळा. बग पीडीएफपुरता असेल तर काम एका फाइलचं, सगळीकडे असेल तर गाभ्यातलं, आणि या दोन कामांचा अंदाज कधीच सारखा नसतो.

एक उदाहरण जवळून बघू, आपल्या भाषेचंच. कुणीतरी अक्षाला ‘जिल्हा’ असं नाव दिलं आणि आलेखात चौकोनी डबे आले. तिने फॉन्ट बदलला, आता अक्षरं आली, पण पहिली वेलांटी ‘ज’च्या आधी येण्याऐवजी नंतर येऊन ‘ल’च्या डोक्यावर बसली, आणि ‘ल्ह’चं जोडाक्षर न होता ‘ल’ला पाय मोडून ‘ह’ वेगळा उभा राहिला. इश्शूचं शीर्षक काय, तर ‘मराठी दिसत नाही’. आता हा एक इश्शू नाहीये, दोन आहेत. डबे येणं म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही, त्यावर उपाय म्हणजे एका फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर पुढच्या फॉन्टमधून घेणं, ही फॉन्ट फॉलबॅकची सोय मॅटप्लॉटलिबमध्ये २०२२ च्या ३.६ मध्ये आली. वेलांटी चुकीच्या जागी बसणं हे मात्र शेपिंगचं काम, अक्षरांचा क्रम लावायचा, जोडाक्षर बनवायचं, त्याला हार्फबझसारखं वेगळं इंजिन लागतं आणि अक्षरं काढणारा सगळाच कोड हलतो. पहिलं काम एका फीचर रिलीजमध्ये, म्हणजे नव्या सोयी देणाऱ्या रिलीजमध्ये, बसतं, दुसऱ्याला कित्येक महिने वेगळी ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, लागते. दोन्ही एकाच इश्शूत राहिले तर तो कधीच बंद होत नाही, दर रिलीजला पुढे ढकलला जातो आणि लिहिणाऱ्या माणसाला वाटतं आपल्या भाषेचं कुणाला पडलेलं नाही. म्हणून फोडा, दोघांना वेगळे माइलस्टोन, म्हणजे कुठल्या रिलीजमध्ये होणार ते सांगणारे टप्पे, द्या, आणि मूळ इश्शूत लिहा की कुठला भाग कधी.

आता मुद्दाम चित्र बदलणारे बदल. हे टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. मॅटप्लॉटलिबचा जुना डिफॉल्ट कलरमॅप, म्हणजे आकड्यांना रंग देणारी पट्टी, जेट होता, इंद्रधनुष्यासारखा, त्यात पिवळ्या आणि निळसर पट्ट्यांपाशी डोळ्याला अशा कडा दिसायच्या ज्या डेटात नाहीतच, आणि काळ्या-पांढऱ्यात छापला की सगळाच गोंधळ. जानेवारी २०१७ मधल्या २.० मध्ये त्याजागी विरिडिस आला. पण मला शिकण्यासारखं वाटतं ते वेगळंच: त्यांनी एकटा कलरमॅप बदलला नाही, रेघांचे रंग, चित्राचा आकार, डीपीआय (इंचाला किती ठिपके), लेजंडची जागा असे डिफॉल्ट दिसण्याचे बदल त्या एकाच मोठ्या रिलीजमध्ये घातले, आणि ‘क्लासिक’ नावाची स्टाइल दिली, जी एका ओळीत लावली की जुनं रूप परत. नूप्लॉट (gnuplot) या दुसऱ्या प्लॉटिंग प्रोग्रामवाल्यांनी ५.० मध्ये रेघांचे डिफॉल्ट रंग बदलले तेव्हा त्यांनीही जुने रंग परत आणणारी कमांड ठेवली. तेव्हा असे बदल सुटे सुटे सोडू नका, साठवा, एकदाच द्या, आणि परतीचा रस्ता त्याच रिलीजमध्ये द्या, ‘मागितला तर देऊ’ म्हणू नका.

कधीकधी बगफिक्सच असा बदल असतो. मॅटप्लॉटलिब तारखा आतून दिवसांच्या दशांश संख्येत ठेवतं आणि पूर्वी ती मोजणी इसवी सनाच्या सुरुवातीपासून व्हायची, मग आजची तारीख म्हणजे सात लाखांच्या वरचा आकडा, आणि फ्लोटमध्ये, म्हणजे मर्यादित अंक मावणाऱ्या दशांश संख्येत, पूर्णांकाने इतकी जागा खाल्ली की मायक्रोसेकंद नीट उरत नाहीत. २०२० मध्ये ३.३ मध्ये मोजणीची सुरुवात १ जानेवारी १९७० वर आणली, बग गेला. पण ज्यांनी स्वतःच्या कोडमध्ये ते जुने आकडे थेट लिहून ठेवले होते त्यांच्या तारखा भलतीकडे गेल्या असत्या, म्हणून जुनी सुरुवात परत लावायची सेटिंगही सोबत दिली. अशा ठिकाणी प्लॅनमध्ये ‘बग दुरुस्त’ एवढंच लिहून चालत नाही, कुणाचं मोडणार तेही लिहायचं.

फंक्शनचं नाव किंवा आर्ग्युमेंट काढायचं असेल तर तारीख आजच ठरवा. मॅटप्लॉटलिबची रीत अशी की एका फीचर रिलीजमध्ये वॉर्निंग येते आणि प्रत्यक्षात ते साधारण दोन फीचर रिलीजनंतर निघतं, म्हणजे ३.६ मध्ये वॉर्निंग तर ३.८ मध्ये गच्छंती. वॉर्निंगमध्ये त्याऐवजी काय वापरायचं हे लिहायचंच, नुसतं ‘हे जाणार आहे’ वाचून माणूस काय करणार. आम्ही काढायच्या गोष्टींचे इश्शू वॉर्निंग घालतो त्याच दिवशी पुढच्या माइलस्टोनवर टाकून ठेवतो, नाहीतर विसरतात आणि वॉर्निंग वर्षानुवर्षं तशीच ओरडत राहते.

माइलस्टोन दोनच पुरेत, एक पुढचा बगफिक्स आणि एक पुढचा फीचर रिलीज. तिसरा ‘कधीतरी’ नावाचा ठेवायचा मोह होतो, आम्ही ठेवला होता, त्याची अडगळीची खोली झाली. बगफिक्स मेन ब्रांचमध्ये मर्ज करायचा आणि मग रिलीजच्या ब्रांचमध्ये बॅकपोर्ट, म्हणजे तोच बदल तिथेही उतरवायचा, उलटं केलंत तर पुढच्या रिलीजला तोच बग परत येतो.

टेस्टचा वेळ प्लॅनमध्ये वेगळा धरा. प्लॉटिंगच्या टेस्ट म्हणजे बऱ्याचदा जपून ठेवलेल्या चित्राशी नवं चित्र पिक्सेल धरून ताडायचं, आणि अक्षरांची लायब्ररी जरा बदलली तरी आकड्यांच्या कडा हलतात आणि शंभर टेस्ट लाल. म्हणून अक्षरं नको असतील तिथे चित्रातून ती काढूनच टाका, आणि जमेल तिथे चित्र साठवण्याऐवजी तीच गोष्ट दोन रस्त्यांनी काढून एकमेकांशी ताडा, मॅटप्लॉटलिबमध्ये यासाठी सोय आहेच. रेपोही फुगत नाही, कारण बदललेलं प्रत्येक चित्र गिटच्या इतिहासात कायमचं बसतं. आणि जो बदल खूप चित्रं हलवणार असेल तो एकटा मर्ज करा, त्याच पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्जसाठी पाठवलेला बदल) दुसरं काही नको, नाहीतर कुठल्या चित्रात काय चुकलं हे रिव्ह्यू करणाऱ्याला कळत नाही.

फीचरच्या मागण्यांना लवकर उत्तर द्या, नकार असला तरी. नवीन प्रकारचा आलेख कुणी मागितला की मी विचारतो, हे आहे त्या तुकड्यांतून वीस ओळीत होतं का, होत असेल तर ते उदाहरणांच्या गॅलरीत टाकू, लायब्ररीत नको, कारण गॅलरीतलं उदाहरण मोडलं तर एक पान सुधारायचं असतं आणि लायब्ररीतलं फंक्शन त्याच्या सगळ्या आर्ग्युमेंटसकट आपल्याला जन्मभर सांभाळायचं असतं. मागणाऱ्यालाच ते उदाहरण लिहायला सांगा, आमच्याकडचे दोन चांगले लोक असेच आले.

रिलीजच्या आधी रिलीज कँडिडेट, म्हणजे लोकांनी तपासून बघायची चाचणी आवृत्ती, काढा, निदान दोन आठवडे ठेवा, आणि ज्यांनी मोठे बग कळवले होते त्यांना नावानिशी टॅग करून विचारा की तुमचा आलेख आता बरोबर येतोय का. ‘जिल्हा’वाल्या बाईंना आम्ही फॉलबॅकच्या वेळी असंच विचारलं, त्यांनी चित्र पाठवलं, डबे गेले होते, वेलांटी अजून ‘ल’वरच होती, म्हणून पहिला इश्शू बंद केला आणि ते चित्र दुसऱ्यात चिकटवून ठेवलं.