परतणारी लाट स्कोपवर पकडायची कशी

केबलवर ५० ओहम लिहिलंय म्हणून मल्टिमीटर लावून बघणारे बरेच भेटतात. दुसरं टोक मोकळं असेल तर मीटर अनंत दाखवतो, तिथे दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या असतील तर जवळजवळ शून्य. ते ५० ओहम दिसतात फक्त लाट केबलमधून धावत असताना, म्हणून स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते दाखवणारं यंत्र) लागतो.

१० मीटर आरजी-५८ (५० ओहमची कोएक्स केबल) घ्या. सिग्नल जनरेटरच्या तोंडाशीच टी-कनेक्टर लावा; एका बाजूला स्कोप (इनपुट १ मेगाओहमवर), दुसऱ्या बाजूला केबल. लांबचं टोक मोकळंच ठेवा. १ मेगाहर्ट्झची चौकोनी लाट सोडा, शून्य ते ५ व्होल्ट. या केबलमध्ये लाटेला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन १००. लाट चढायलाच याहून जास्त वेळ घेत असेल तर पायरी, म्हणजे व्होल्टेजचं मधेच थांबणं, दिसणार नाही. जलद जनरेटर शोधा, नाहीतर केबल वाढवा.

जनरेटर आतून ५० ओहमचा असला की आधी २.५ व्होल्ट दिसतात आणि १०० नॅनोसेकंदांनी ५. अर्धा व्होल्टेज बघून जनरेटर बिघडला असं समजू नका. त्या क्षणी त्याला समोर फक्त केबलचे ५० ओहम दिसतात, टोकाला काय आहे याची बातमी अजून आलेली नसते. टोक शॉर्ट केलंत तर तीच पायरी १०० नॅनोसेकंदांनी शून्यावर येते.

आता जनरेटर काढून ५ व्होल्टवर चालणारं जलद सीमॉस गेट (लॉजिक चिप) जोडा. खरी गंमत इथे आहे. पहिली पायरी समजा ४.२ व्होल्टची आली. शेवटच्या ५ व्होल्टना ४.२ने भागा, १ वजा करा, ५०ने गुणा: सुमारे ९.५ ओहम. हा झाला गेटचा सोर्स इम्पिडन्स (आतला रोध), डेटाशीट न उघडता. इतका कमी सोर्स परत आलेली लाट गिळत नाही, दोन-तृतीयांश लाट उलटी करून पुन्हा धाडतो. मोकळ्या टोकाला हिशेबाने आधी ८.४ व्होल्ट, मग २.८, मग ६.५. यालाच आपण रिंगिंग म्हणतो.

उपाय स्वस्त आहे. गेटच्या पिनला अगदी चिकटून ३९ ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाका; गेटचे ९.५ धरून केबलच्या ५०च्या जवळ जातो. केबलच्या मध्यावर टाकून उपयोग नाही. मात्र यानंतर वाटेत कुठेही दुसरा रिसीव्हर जोडू नका. तिथे लाट परत येईपर्यंत २.५ व्होल्टच असतात, आणि क्लॉक असेल तर एका ठोक्याचे दोन मोजले जाऊ शकतात. असा मधला टॅप काढायचाच असेल तर रेझिस्टर टोकाला, जमिनीकडे, ५० ओहमचा लावावा लागेल. पण मग ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर सतत वाहणार. साधं गेट तेवढं देत नाही. लाइन ड्रायव्हर घ्या.