खोदण्यापूर्वी जीपीआर फिरवताय? या चुका टाळा

‘इथे काही नाही, खुशाल खोदा.’ जीपीआरची, म्हणजे जमिनीखालचं शोधणाऱ्या रडारची, ट्रॉली तासभर फिरवून झाली की साइटवर हे वाक्य इतकं सहज बोललं जातं की ऐकून पोटात गोळा येतो. त्या वाक्याच्या भरवशावर खोदयंत्राची बकेट जमिनीत उतरते. खाली जिवंत केबल असेल तर चूक निस्तरायला दुसरी संधी मिळत नाही.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. जीपीआरला (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडारला) पाइप दिसत नाही आणि केबलही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त फरक. अँटेना जमिनीत विद्युतचुंबकीय लहरींचा अगदी छोटा स्पंद सोडते. वाटेत विद्युत गुणधर्मांनी वेगळा असा पदार्थ आला की त्या लहरींचा काही भाग माघारी फिरतो. तो किती नॅनोसेकंदांनी आला आणि किती जोरात आला, एवढंच यंत्र नोंदवतं. बाकी सगळा आपण लावलेला अर्थ, आणि बहुतेक चुका तो अर्थ लावतानाच होतात.

मातीची चौकशी न करता कामाला लागणं

कोरड्या वाळूत लहरी छान उतरतात. ओल्या चिकणमातीत किंवा खाऱ्या पाण्याने भिजलेल्या भरावात त्या लवकर विरतात, कारण अशी जमीन वीज वाहून नेते आणि लहरींची ऊर्जा वाटेतच गिळते. रडारने जमिनीखाली बघण्याची सुरुवात बर्फापासून झाली ती उगाच नाही. १९२९ मध्ये ऑस्ट्रियात एका हिमनदीची खोली रेडिओ लहरींनी मोजली गेली. थंड, शुद्ध बर्फ लहरींना जवळजवळ अडवतच नाही. आपल्या वाट्याला मात्र बर्फ येत नाही. येतो तो भराव, मुरूम, राडारोडा आणि चिखल.

वाळूत काही मीटर खाली बघणारं तेच यंत्र चिकट ओल्या मातीत कधी कधी मीटरभरही पोहोचत नाही. स्क्रीनच्या कडेची खोलीची पट्टी मात्र तीन मीटरपर्यंत आखलेली असते, आणि ग्राहकाला वाटतं की तीन मीटरपर्यंत तपासून झालं. ती पट्टी म्हणजे यंत्राने किती वेळ ‘ऐकलं’ त्याचा हिशेब आहे. तेवढ्या खोलीवरून काही परत आलं, असं ती सांगत नाही. चित्राच्या खालच्या भागात नुसती भुरभुर दिसत असेल तर सिग्नल तिथवर पोहोचलेलाच नाही. अशा वेळी गेन, म्हणजे सिग्नल मोठा करून दाखवणारी सेटिंग, वाढवत बसू नका. गेन वाढवला की भुरभुरही तेवढीच वाढते, आणि मग तिच्यातच नसलेले पाइप दिसू लागतात.

उपाय साधा आहे. काम सुरू करण्याआधी माहितीतल्या एखाद्या पाइपवरून ट्रॉली न्या. दोन चेंबरच्या मधली सांडपाण्याची लाइन त्यासाठी उत्तम. ती दिसली तर आज या मातीत कुठवर दिसतंय याचा अंदाज येतो. दिसली नाही तर तेही लिहून ठेवा. ‘सुमारे अमुक खोलीपलीकडे या जागी रडारला दिसत नाही’ हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवं. मी तरी त्याशिवाय अहवाल हातातून सोडत नाही.

यंत्राने दाखवलेली खोली खरी मानणं

माझ्या मते सगळ्यांत धोकादायक चूक हीच. रडार खोली मोजत नाही, वेळ मोजतं. त्या वेळेची खोली करायला लहरींचा जमिनीतला वेग लागतो आणि तो यंत्राला आपण सांगायचा असतो. हवेत लहरी नॅनोसेकंदाला ०.३ मीटर जातात. कोरड्या वाळूत साधारण ०.१५ मीटर, ओल्या मातीत ०.०६ ते ०.०७ मीटर, आणि पाण्यात जेमतेम ०.०३३ मीटर. म्हणजे माती जितकी ओली, तितकी लहर मंद. बरीच यंत्रं ०.१ च्या आसपासचा वेग गृहीत धरून सुरू होतात आणि बरेच ऑपरेटर त्याला हातही लावत नाहीत.

हिशेब करून बघा. पाइपपर्यंत जाऊन परत यायला लहरीला २० नॅनोसेकंद लागले. वेग ०.१ धरला तर पाइप १ मीटरवर. माती ओली असून खरा वेग ०.०७ असेल तर तोच पाइप ७० सेंटिमीटरवर. अहवाल म्हणतो १ मीटर, म्हणून बकेटवाला वरचे ८० सेंटिमीटर बिनधास्त काढायला जातो. पुढचं सांगायला नको.

वेग काढायचा तर हायपरबोलाचा, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या कमानीचा, आकार वापरतात. पाइप जवळ येण्याआधीच तो अँटेनाला तिरपा दिसू लागतो, कारण तिच्या लहरी पुढेमागे पसरतात. तेव्हा अंतर जास्त असतं, म्हणून तो खोल वाटतो. अँटेना बरोबर वर आली की अंतर सर्वांत कमी, आणि पुढे गेली की पुन्हा वाढतं. त्यामुळे गोल पाइपची स्क्रीनवर पालथ्या वाटीसारखी कमान उमटते. ट्रॉली हळूच मागे घ्यायची, कर्सर कमानीच्या माथ्यावर आला की थांबायचं आणि अँटेनाच्या मध्याखाली रंगाचा ठिपका द्यायचा. कमान किती पसरट आहे त्यावरून सॉफ्टवेअर वेग काढतं.

इथेच एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात सापडलो आहे. एका कामात मी पाइपची खोली १ मीटर दिली होती. कमान नीट जुळवली होती, शंका घ्यायला जागाच नव्हती. चाचणी खड्डा हाताने खोदत होतो म्हणून बरं. फावडं अर्ध्या मीटरच्याही आधी पिवळ्या इशारा-पट्टीला लागलं आणि पाइपचा माथा निघाला ७० सेंटिमीटरवर. माझी ट्रॉलीची लाइन पाइपला काटकोनात गेलेलीच नव्हती. ती सुमारे ४५ अंशांनी तिरकी गेली होती. तिरकं ओलांडलं की कमान पसरट होते, पसरट कमानीवरून वेग जास्त निघतो आणि खोलीही जास्त निघते. लाइन आणि पाइप यांच्यातला कोन ४५ अंश असेल तर खोली १.४ पट निघते, ३० अंश असेल तर दुप्पट. शिवाय चूक नेहमी घातक बाजूलाच होते, म्हणजे पाइप असतो त्याहून खोल दाखवला जातो. तेव्हापासून माझा नियम असा: आधी दोन-तीन लाइनींवरून पाइपची दिशा काढायची, मग मुद्दाम काटकोनात एक लाइन घ्यायची आणि वेग फक्त तिच्यावरून ठरवायचा. मोठ्या व्यासाच्या पाइपची कमान मुळातच पसरट असते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे उघडता येणारं चेंबर. झाकण काढून पाइपच्या माथ्यापर्यंतची खोली स्टाफने (मोजणीच्या उभ्या पट्टीने) मोजा. मग चेंबरपासून थोडं दूर, त्याच पाइपवर रडारची वेळ घ्या. माथा ८० सेंटिमीटरवर आणि वेळ २० नॅनोसेकंद, तर वेग ०.०८. ही आकडेमोड कागदावर दोन मिनिटांत होते. मध्ये जोराचा पाऊस झाला तर कालचा वेग आज चालत नाही, पुन्हा मोजा.

आणखी एक बारकावा. रडार पाइपच्या माथ्याची खोली देतं. केबल लोकेटर, म्हणजे वाहकाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र टिपणारं हातातलं यंत्र, साधारणपणे वाहकाच्या मध्याची खोली देतो. मोठ्या लोखंडी पाइपवर दोन्ही यंत्रांचे आकडे वेगळे आले की लोक यंत्र बिघडलं म्हणतात. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

रस्त्याच्या कडेकडेने चालत जाणं

रस्त्याच्या लांबीने चालणं सोयीचं असतं. वाहतूक अडत नाही, लाइन सरळ येते. पण मुख्य युटिलिटीही (पाणी, गॅस, वीज, सांडपाणी यांचे पाइप आणि केबल) बहुतेक रस्त्याच्या लांबीनेच टाकलेल्या असतात. पाइपच्या डोक्यावरून त्याच दिशेने चाललं की कमान उमटतच नाही. उमटते ती सपाट आडवी रेघ, जी मातीच्या थरासारखी दिसते. त्यावर पार्श्वभूमी काढून टाकणारा फिल्टर लावला की तीही पुसली जाते, कारण त्या फिल्टरचं कामच आडव्या रेघा घालवण्याचं आहे. म्हणजे सगळ्यांत मोठा पाइप आपण स्वतःच्या हाताने चित्रातून काढून टाकतो.

म्हणून ट्रॉलीच्या लाइनी रस्त्याच्या रुंदीत घ्या, त्यांनी मुख्य युटिलिटी सापडतात. लांबीतही घ्या, त्यांनी घरांकडे जाणाऱ्या जोडण्या सापडतात. खोदकामाच्या जागी दोन लाइनींमध्ये अर्धा ते एक मीटर अंतर ठेवा. एकट्या कमानीवरून पाइप जाहीर करू नका. दगड, जुनं मूळ, गाडलेला डबा, सगळ्यांची कमान उमटते. तीन-चार शेजारच्या लाइनींवर साधारण त्याच खोलीला, एका सरळ रेषेत कमानी आल्या, तर ती युटिलिटी. आणि कमानीवरचे मातीचे थर दोन्हीकडे तुटलेले दिसत असतील तर तिथे कधीतरी चर खोदून पुन्हा भरलेली आहे. ही खूण मला कमानीइतकीच मोलाची वाटते.

चुकीची अँटेना

युटिलिटीसाठी साधारण २०० ते ६०० मेगाहर्ट्झ. काँक्रीट तपासायची १.६ गिगाहर्ट्झची अँटेना बारीक दाखवते, पण खोल जात नाही. १०० मेगाहर्ट्झची खोल जाते, पण छोट्या केबल तिला दिसत नाहीत. ठोकताळा असा की वस्तूचा व्यास तिच्या खोलीच्या निदान दहाव्या हिश्शाइतका हवा. २ मीटर खाली २० सेंटिमीटरचा पाइप ठीक, ५ सेंटिमीटरची केबल मात्र सुटू शकते.

फक्त रडारवर भागवणं

धातूचा पाइप रडारला ठळक दिसतो. प्लास्टिकचं तसं नाही. पीव्हीसी आणि कोरडी वाळू यांचे विद्युत गुणधर्म इतके जवळचे आहेत की पाइपची भिंत जवळपास अदृश्यच राहते. आत काय आहे त्यावर सगळं ठरतं. पाणी भरलेला पाइप चांगला दिसतो. बोटाएवढी, धातू नसलेली फायबर केबल बहुधा दिसतच नाही. ती चर न खोदता आडव्या ड्रिलिंगने टाकलेली असेल तर चरीची खूणही सापडत नाही. एकाखाली एक युटिलिटी असतील तर वरचा लोखंडी पाइप खालच्याला झाकून टाकतो. आणि कमान कशाची आहे, विजेची, पाण्याची की गॅसची, हे रडार कधीच सांगत नाही.

म्हणून रडारच्या आधी नकाशे मागवा, चेंबर उघडा, व्हॉल्व्ह, मीटर आणि खांब मोजा. मग केबल लोकेटर चालवा. लोकेटरने नुसता ५० किंवा ६० हर्ट्झचा पॉवर मोड लावून भागवू नका. त्या मोडला केबलमधून प्रवाह चालू असावा लागतो, आणि रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा बंद असते. ट्रान्समीटर जोडून ३३ किलोहर्ट्झसारखा सिग्नल सोडला तर बंद केबलही सापडू शकते. प्लास्टिकच्या नळीत किंवा ड्रेनेजमध्ये आतून छोटा ट्रान्समीटर ढकलून त्याचा माग काढता येतो.

ब्रिटनचं पीएएस १२८ (२०१४, सुधारित २०२२) आणि अमेरिकेचं एएससीई ३८ (२००२, सुधारित २०२२) ही जमिनीखालच्या युटिलिटी शोधण्याची दोन्ही मानकं याच क्रमाने चालतात. त्यांत सर्वांत खालची पातळी डी, म्हणजे फक्त कागदोपत्री माहिती. जमिनीवरून यंत्राने शोधलेलं बी. सर्वांत वरची ए पातळी मिळते ती युटिलिटी प्रत्यक्ष उघडी करून पाहिल्यावरच. रडारचं काम कितीही चोख असलं तरी ते बीच्या वर जात नाही.

स्क्रीनवर काहीतरी बिनसलंय

सगळ्या चित्रावर जाड आडवे पट्टे आले तर आधी अँटेना बघा. ती जमिनीपासून उचललेली असते किंवा खडबडीत जागेवर उडत असते.

मोठमोठ्या, खूप पसरट कमानी दिसल्या तर वर बघा. वरून गेलेल्या तारा, लोखंडी कुंपण, शेजारची गाडी यांचे हे पडसाद. खात्री करायची तर त्या कमानीवर वेग जुळवून पाहा. तो ०.३ च्या आसपास आला तर लहर हवेतून गेली आहे, जमिनीखाली तिथे शोधू नका.

रंगाचा ठिपका आणि सापडलेला पाइप यांच्यात लाइनीच्या शेवटी अर्धा मीटर फरक पडतोय? ट्रॉलीच्या अंतर मोजणाऱ्या चाकाचं मोजमाप बिघडलंय. चाकाला चिखल चिकटला तरी बिघडतं. टेपने २० मीटर आखून चाक पुन्हा जुळवा आणि जमिनीचा प्रकार बदलला की परत तपासा.

काँक्रीटखाली नुसती कमानींची दाट रांग दिसत असेल तर त्या सळया. दाट जाळीखालचं काही सांगता येणार नाही, आणि अहवालात तसंच लिहा. स्लॅब संपतो तिथे सापडलेला पाइप धरून त्याचा माग आत आणता येतो का, ते बघा.

अहवाल देऊन मोकळं होणं

अहवालात ‘क्लीअर’ हा शब्द नको. ‘काही आढळलं नाही’ लिहा आणि त्याच्या शेजारी किती खोलीपर्यंत, कोणत्या मातीत, कोणत्या तारखेला, तेही लिहा. गाडी उभी होती, पाणी साचलं होतं, झुडपं होती म्हणून जिथे ट्रॉली गेलीच नाही, ती जागा नकाशावर रेघा मारून दाखवा. ती कोरी सोडली की वाचणारा तिथे काही नाही असं समजतो. जमिनीवरच्या रंगाच्या खुणा एका पावसात आणि चार ट्रकांखाली पुसट होतात, म्हणून त्यांचे फोटो आणि पक्क्या खांबांपासूनची मापं त्याच दिवशी घ्या.

मग चाचणी खड्डे. युटिलिटीच्या रेषेला आडवे, हाताने किंवा व्हॅक्यूम एक्स्कॅव्हेशनने (माती शोषून काढणाऱ्या यंत्राने), निदान जिथे नवीन काम जुन्या लाइनीला ओलांडतं तिथे. खड्ड्यात पाइप दिसला की माथ्याची खोली मोजून लगेच रडारच्या ऑपरेटरला कळवा. त्याने त्या आकड्यावरून वेग दुरुस्त केला की त्याच मातीतल्या बाकीच्या सगळ्या युटिलिटींची खोलीही बदलते. सुधारलेला नकाशा यंत्र चालवणाऱ्याच्या हातात पोहोचेपर्यंत बकेट उभी राहू द्या.