रुजू होण्याआधी: आय-९ आणि तुमचे कागद

अमेरिकेत नोकरी लागली की ओळख आणि कामाची परवानगी तपासणारा आय-९ नावाचा फॉर्म भरावा लागतो. मी पहिला आय-९ भरला २०१५ मध्ये. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) चार वर्षं घरी काढल्यावर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, हातात आलं होतं. कंपनीतल्या बाईंनी सांगितलं, ईएडी आणा, पासपोर्ट आणा आणि सोशल सिक्युरिटी कार्डही (पगार आणि करासाठीच्या सरकारी नंबराचं कार्ड) आणा. ते कार्ड अजून आलेलं नव्हतं, म्हणून मी रुजू होणं दोन आठवडे पुढे ढकललं. दोन आठवड्यांचा पगार गेला. पुढे मी स्वतः एचआरमध्ये आले तेव्हा कळलं की एकटं ईएडी पुरेसं होतं, आणि बाकीचे कागद मागण्याचा त्यांना अधिकारच नव्हता. तेव्हापासून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे सगळं बसवून सांगते.

६ नोव्हेंबर १९८६ नंतर नोकरीवर घेतलेल्या सगळ्यांसाठी हा फॉर्म आहे, अगदी इथे जन्मलेल्यांसाठीसुद्धा. त्यामुळे तुमच्यावर संशय घेतला जातोय असं मनात आणू नका. पहिला भाग तुम्ही भरायचा, ऑफर स्वीकारल्यानंतर आणि फार तर कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत. दुसरा भाग कंपनी भरते, तुमचे मूळ कागद पाहून, रुजू झाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत. झेरॉक्स चालत नाही. कागद हरवला किंवा चोरीला गेला असेल तर नव्यासाठी अर्ज केल्याची पावती ९० दिवस चालते.

पहिल्या भागात चार चौकोन असतात आणि तिथे घाई अजिबात करू नका. पहिला चौकोन अमेरिकी नागरिकांचा. ग्रीन कार्डवाल्यांचा तिसरा. एच-१बी, ओपीटी (शिक्षणानंतर त्याच विषयात काम करण्याची विद्यार्थ्यांची परवानगी), एच-४ ईएडी, एल-२ (कंपनीने परदेशातून बदलीवर आणलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) हे सगळे चौथ्यात. ऑनलाइन फॉर्मवर चुकून पहिला चौकोन निवडून सही केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा धरला जाऊ शकतो, आणि त्यापायी पुढे ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. चूक लक्षात आली तर त्याच दिवशी एचआरला सांगून दुरुस्त करून घ्या, आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला.

कागदांच्या तीन याद्या आहेत. लिस्ट ए मधला कागद ओळख आणि कामाची परवानगी दोन्ही दाखवतो, म्हणून तो एकच पुरतो. तो नसेल तर लिस्ट बी मधला एक, ओळखीसाठी, आणि लिस्ट सी मधला एक, परवानगीसाठी. आपल्यातले बरेच जण लिस्ट ए मध्येच बसतात. एच-१बी असेल तर भारतीय पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) मिळून एक कागद धरतात. ओपीटीवर ईएडी कार्ड. त्यावर छापलेल्या तारखेआधी एक दिवसही काम करायचं नाही. सीपीटीवर (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) पासपोर्ट, आय-९४ आणि कॉलेजने सीपीटीची नोंद केलेला आय-२०, म्हणजे कॉलेजने दिलेला विद्यार्थी असल्याचा फॉर्म. एच-४ वर ईएडी हवंच, नुसत्या पासपोर्ट आणि आय-९४ वर काम करता येत नाही. एल-२ वर आलेल्या नवरा किंवा बायकोच्या आय-९४ वर ‘एल-२एस’ लिहिलेलं असेल तर ईएडीची गरज नाही, पण तो आय-९४ लिस्ट सी मध्ये मोडतो, म्हणून जोडीला ड्रायव्हिंग लायसन्ससारखा लिस्ट बी मधला कागद लागतो. ही गोष्ट पुष्कळ एचआरवाल्यांना ठाऊक नसते. शांतपणे समजावून सांगा.

यातला कुठला कागद दाखवायचा ते तुम्ही ठरवायचं. ‘तुम्ही भारतीय आहात, म्हणून ग्रीन कार्डच दाखवा’ किंवा ‘यादीत बसतंय ते ठीक, पण अजून एक कागद द्या’ असं म्हणणं कायद्याच्या विरुद्ध आहे. ग्रीन कार्डची मुदत संपली म्हणून जुन्या कर्मचाऱ्याची पुन्हा तपासणी करायचीही नसते. असं काही झालं तर न्याय खात्याच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स विभागाची कामगारांसाठी हेल्पलाइन आहे, १-८००-२५५-७६८८. फोन करायला घाबरू नका.

सोशल सिक्युरिटी कार्डाने फार जण फसतात. आपल्यासारख्या व्हिसावाल्यांच्या कार्डावर, काम फक्त डीएचएसच्या (अमेरिकेचं अंतर्गत सुरक्षा खातं) परवानगीने, अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ते कार्ड लिस्ट सी मध्ये चालत नाही. ते दाखवून कोणी तुमचा फॉर्म पुरा केला असेल तर तो चुकलाय. आणि नंबर अजून आला नसेल तरी काम सुरू करता येतं.

आता नावाचं. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. इथे कोणी वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लिहितं, कोणी गाळतं, कोणी दोन्ही जोडून टाकतं. लग्नानंतर लायसन्सवर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, हेही नेहमीचं. कंपनी ई-व्हेरिफाय (आय-९ मधली माहिती सरकारी नोंदींशी ताडून पाहणारी ऑनलाइन यंत्रणा) वापरत असेल तर अशाने नोंदी जुळत नाहीत असा निरोप येऊ शकतो. स्टेम ओपीटीसाठी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवाल्यांना मिळणारी वाढीव ओपीटी) तर ई-व्हेरिफायमध्ये असलेलीच कंपनी लागते. निरोप आला म्हणजे नोकरी गेली असं नाही. तुम्ही आक्षेप नोंदवायचा, आणि मग सरकारी कामकाजाच्या ८ दिवसांत संबंधित कार्यालयाशी संपर्क करायचा. तोवर कंपनी तुम्हाला काढू शकत नाही. आय-९ मध्ये आधीची आडनावं लिहायला रकाना आहे, तिथे माहेरचं आडनाव जरूर लिहा.

तारखांवर मात्र तुमचीच नजर हवी. एच-१बीच्या मुदतवाढीचा अर्ज त्याच कंपनीने वेळेत केला असेल तर जुनी मुदत संपल्यावरही २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. ईएडीचं तसं राहिलेलं नाही. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बहुतेक नूतनीकरण अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. एच-४ वाल्या मैत्रिणींना याचा थेट फटका आहे: नवं कार्ड वेळेत आलं नाही तर काम थांबवावंच लागतं. म्हणून मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्जाची तयारी झालेली असू द्या.

आणि प्रत्येक भारतवारीनंतर सीबीपीच्या (सीमेवर आणि विमानतळावर प्रवेश तपासणारं खातं) संकेतस्थळावरून नवा आय-९४ उतरवून घ्या. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची तारीख तिथपर्यंतच देतो, मग एच-१बीची मंजुरी पुढची का असेना. नाव, स्टेटस, तारीख, तिन्ही वाचा, आणि काही चुकलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाला (प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका दुरुस्त करणारं कार्यालय) गाठा.