कंपनीच्या मुंबईचा सुरुवातीचा कारभार समजून घ्यायचाय? मग असं वाचा

पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिलेलं बेट आणि कंपनीने राजाला द्यायचं वर्षाला दहा पौंड भाडं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण 1668 ला ईस्ट इंडिया कंपनीने बेट ताब्यात घेतल्यावर रोजचा कारभार कोण बघायचं, तंटे कोण सोडवायचं, पैसा कुठून यायचा, हे फारसं कुणी बघत नाही आणि खरी मजा तर तिथेच आहे. माझी पद्धत सोपी आहे, कुठलाही हुकूम किंवा करार समोर आला की विचारायचं, हे अमलात आणायला कंपनीला कुणाची गरज होती? तिच्याकडे गोरी माणसं मोजकीच होती, त्यामुळे या प्रश्नाने अर्ध्या गाठी सुटतात.

वाचायला बसण्याआधी तारखांचं बघून घ्या. त्या काळी इंग्रजांचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे पोर्तुगीजांनी फेब्रुवारी 1665 मध्ये बेट सोपवलं ते इंग्रजी कागदात 1664 म्हणून दिसू शकतं. त्यात पोर्तुगीज कॅलेंडर दहा दिवस पुढे. जानेवारी ते मार्चची तारीख दिसली की थांबून वर्ष तपासा, नाहीतर घटनांचा क्रमच उलटा लागतो.

मग खरा साहेब कुठे बसायचा ते बघा, तर सुरतेला! 1687 पर्यंत मुख्य ठाणं तिथेच होतं, सुरतेचा प्रेसिडेंट हाच मुंबईचा गव्हर्नर आणि मुंबईत डेप्युटी गव्हर्नर आणि कौन्सिल. लंडनहून एका प्रश्नाचं उत्तर यायला वर्ष सहज जायचं, म्हणून बरेच निर्णय इथल्या इथेच उरकले जायचे आणि परवानगी नंतर मागितली जायची. जेराल्ड आँजियर (गव्हर्नर 1669 ते 1677) स्वतः मुंबईत येऊन राहिला तेव्हा किती भराभर गोष्टी हलल्या, ते याच्यासमोर ठेवून वाचा.

आता जमीन, इथे मात्र घाई करू नका. पोर्तुगीज काळापासूनचे जमीनदार होते, त्यांचे हक्क खरे किती आणि बळकावलेले किती यावर भांडण पेटलेलं. आँजियरने सगळ्यांचे कागद तपासत बसण्याऐवजी सरळ तडजोड केली, जमीनदारांनी मिळून वर्षाला 20,000 झेराफिन (पोर्तुगीजांचं चांदीचं नाणं) द्यायचे, आणि कंपनीने जुने दावे सोडायचे. मसुदा 1672 चा, पक्का झाला 1674 ला. बेटाच्या रखवालीला मिलिशियासाठी, म्हणजे स्थानिक लोकांच्या राखीव फौजेसाठी, माणसं पण याच जमीनदारांकडून. माझ्या मते हा करार समजला की आँजियर समजला.

कोर्टाचं पण तसंच आहे. 1670 ला बेटाचे दोन भाग केले, मुंबई आणि माहीम, प्रत्येकाला पाच न्यायाधीश, आणि वर अध्यक्ष म्हणून तिथला कस्टमचा अधिकारी! म्हणजे सकाळी जो जकात घेणार, तोच तुमचा 200 झेराफिनपर्यंतचा दावा ऐकणार. 1672 मध्ये पोर्तुगीज कायदा बंद करून इंग्लिश कायदा आणला, जॉर्ज विलकॉक्सला न्यायाधीश केलं, पण जातीजमातींच्या पंचायती ठेवल्याच, कारण घरगुती आणि जातीतले तंटे सोडवायला कंपनीकडे ना माणसं होती ना भाषा.

आपल्याला कुणाची गरज आहे हे कंपनी विसरली की काय व्हायचं, ते 1683 मध्ये दिसतं. लंडनने खर्चात कपात केली, सैनिकांचे पगार कापले, तर कंपनीच्याच फौजेतल्या कॅप्टन केग्विनने डेप्युटी गव्हर्नरलाच कैद केलं आणि जवळपास वर्षभर राजाच्या नावाने मुंबई चालवली. शेवटी माफी मिळाली तेव्हाच त्याने बेट सोडलं.

पुढे 1690 च्या सुमारास कोर्टच बंद पडलं, ते 1718 ला परत उघडलं, आणि त्यात इंग्रजांसोबत चार जागा हिंदू, मुसलमान, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिश्चन प्रतिनिधींना. हे वाचून भारावून जायच्या आधी रामा कामतीचा 1720 चा खटला वाचा. एवढा मोठा शेणवी व्यापारी, वाळकेश्वरचं देऊळ बांधणारा, कंपनीच्या अगदी जवळचा माणूस, त्याला कान्होजी आंग्र्यांशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून कैदेत टाकलं, नोकराचा छळ करून जबानी घेतली आणि पुराव्यातलं पत्र बनावट होतं हे पुढे उघडकीला आलं. मला तो खटला वाचून आजही राग येतो.

1726 च्या चार्टरने, म्हणजे राजाच्या सनदेने, मेयर आणि नऊ आल्डरमन (नगरसभेचे सदस्य) असलेलं मेयर्स कोर्ट आणलं, आणि आधीच्या चार जागा त्यात राहिल्या नाहीत. मूळ कागद बघायचे तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार गाठा, आणि आधी 1909-10 चं मुंबई शहराचं गॅझेटियर चाळून जा, म्हणजे काय मागायचं ते तरी कळेल.